तिसऱ्या कपाटातली फट

करडी गावच्या ज्ञानदीप सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर पाटी आहे: ‘वाचनालय सर्वांसाठी खुले आहे.’ पाटी खोटं बोलत नाही. सकाळी दार उघडलं की गावातली म्हातारी मंडळी पेपरवर तुटून पडतात. एकाच पेपरची पानं चौघांत वाटली जातात, आणि पहिल्या पानावरची बातमी आत कुठे पुढे गेली असेल, तर ते पान ज्याच्या हातात असेल त्यानं ती ओरडून सांगायची, असा तिथला रिवाज आहे. आतल्या खोलीत पोलीस भरतीची पोरंपोरी कानात बोटं घालून सामान्य ज्ञान पाठ करत असतात. कुणाला धानाचा भाव बघायचा असतो, कुणाला सरकारी योजनेची जाहिरात वाचून घ्यायची असते, आणि मे महिन्यात तर काहीजण निव्वळ पंख्यासाठी येतात. यातल्या कुणालाही ग्रंथपाल मधुकररावांची ना नसायची. फक्त कुणी पुस्तक मागितलं की त्यांचा चेहरा पडायचा.

मधुकररावांनी तीस-बत्तीस वर्षं ते वाचनालय पोटच्या पोरासारखं सांभाळलं, असं भाषणात म्हणायला हरकत नाही. पण पोटचा पोरगा धर्मेंद्र, जो आता नागपूरला नोकरीला आहे, त्याला त्यांनी इतकं जपल्याचं सुमित्राबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, काही आठवत नाही. पुस्तक मागायला आलेल्या माणसाची ते आधी उलटतपासणी घ्यायचे.

“हात दाखव. घरी लहान लेकरू हाये का? पुस्तक ठेवशील कुठं? बकरी हाये का घरी?”

बकरी असली की विषय संपला. कधी काळी एका बकरीनं कुणाच्याशा आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण खाल्लं होतं, तेव्हापासून गावातल्या समस्त बकऱ्यांवर त्यांचा दात होता. आता या गावात बकरी नसलेलं घर शोधायचं म्हणजे कठीणच. त्यामुळे कपाटं कशी भरलेली असायची, आणि भरलेल्या कपाटांकडे बघत मधुकरराव खुर्चीत समाधानानं बसायचे. पुस्तकांना स्वतः कव्हरं घालायचे, शिक्के मारायचे, कोणत्या कपाटात कोणत्या फळीवर कोण बसलं आहे ते डोळे मिटून सांगायचे. स्वतः वाचत मात्र नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “हलवाई कधी पेढे खात बसते का?”

तरीही पुस्तकं जायचीच. आणि एकदा गावात गेलेलं पुस्तक गावातच राहील याची खात्री नसायची, कारण इकडे मंडई असते, भाजीची नव्हे, जत्रेची. भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. जत्रा भरते, दंडारीचा नाच रंगतो, नाटक येतं, आणि ज्या गावची मंडई तिथल्या घराघरांत पाहुण्यांची रीघ लागते. माहेरी आलेली लेक परत जाताना रिकाम्या हातानं जात नाही. तिच्या पिशवीत लाडू, चिवडा आणि भावाच्या घरी सापडलेलं, वाचून अर्धवट राहिलेलं पुस्तकही जातं. तिच्याकडून ते जावेकडे जातं, जावेकडून तिच्या बहिणीकडे. असं करत करडीचं पुस्तक निम्मा जिल्हा फिरून येतं. खरं तर येत नाही, दुखणं तेच होतं.

मग मधुकरराव निघायचे. मंडईच्या दिवसांत त्यांची खांद्याला लावलेली कापडी पिशवी आजूबाजूच्या तालुक्यांत ओळखीची झाली होती. कुठलंसं लांबचं नातं काढून ते घरात शिरत, पाटावर बसून पोटभर जेवत, आणि जेवता जेवता नजरेनं घर चाळून काढत. टीव्हीखाली, देवघराच्या वर, शिवणयंत्राच्या खणात. एक पुस्तक त्यांना माठावर झाकण म्हणून सापडलं, एक पलंगाच्या पायाखाली. यजमानानं ‘आमच्याकडं नाई जी’ म्हणायच्या आत ते पुस्तक पिशवीत गेलेलं असायचं.

आसगावला तर त्यांनी कहर केला. तिथल्या एका घरी जाऊन त्यांनी सगळ्या खोल्या निरखल्या, घरातली पोरगी राखी काय शिकते, वाचायची आवड आहे का, वस्तू नीट ठेवते का, अशी चौकशी केली. मंडईचे दिवस, अनोळखी पोक्त माणूस, घर बघतो आणि पोरीची चौकशी करतो. याचा अर्थ इकडे एकच होतो. घरच्यांनी घाईघाईनं राखीला साडी नेसवली आणि पोह्यांचा ट्रे हातात देऊन बाहेर आणलं. मधुकररावांनी पोहे खाल्ले, ट्रेखाली आधाराला धरलेलं स्वतःच्या वाचनालयाचं पुस्तक काढून घेतलं आणि नमस्कार करून चालू लागले. पोरीचा बाप फाटकापर्यंत मागे आला.

“पोरगी पसंत नसंल त नाई म्हणा जी,” तो कळवळून म्हणाला, “पन पुस्तक काहून नेऊन राहिले?”

इतकं सगळं करून, एक पुस्तक काही सापडलं नव्हतं.

तिसऱ्या कपाटात, मधल्या फळीवर, डावीकडे एक फट होती. चार बोटं रुंद. तिथली जाडजूड कादंबरी सात-आठ वर्षांपूर्वी नाहीशी झाली, आणि ती नेल्याची कुठे नोंद नव्हती. मधुकररावांनी त्या जागेत दुसरं पुस्तक सरकू दिलं नाही. शेजारची पुस्तकं आडवी व्हायला लागली की ते त्यांना पुन्हा ताठ उभं करत. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी त्यांची नजर येता-जाता तिथे जायची.

यंदा ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी गावातलीच कीर्ती येणार होती. तिनं ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि तिच्या घरी बकरी होती, पण वाचनालयाच्या समितीनं त्याकडे काणाडोळा केला. मंडया संपत आल्या की सत्काराचा कार्यक्रम करायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष गोपीचंदजी यांच्यासमोर मधुकरराव भर बैठकीत बोलून बसले, “कपाटं भरून देईन. एक जागा मोकळी नाई ठेवणार.”

“काका, एका पुस्तकाचं काय एवढं?” कीर्ती म्हणाली. “हरवलं म्हणून काढून टाकू ना.”

मधुकररावांना कुणी मिशी काढा म्हटल्यासारखं झालं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुमित्राबाईंनी दोनदा वाढू का विचारलं, मग ताट झाकून ठेवलं. त्या तशाही त्या पुस्तकाच्या विषयावर कधी काही बोलत नसत.

उरलेली गावं त्यांनी पालथी घातली. पुस्तक नाही. सत्काराला दोन दिवस उरले आणि बपेऱ्याहून त्यांच्या मेव्हण्याचा, परसरामचा, फोन आला.

“भाऊजी, आज आमची मंडई हाये. दरवर्षी ताई एकटीच येते, तुमी आपले गावोगाव पुस्तकं हुडकत फिरता. आता रिटायर होऊन राहिले ना? या एखांद्या वक्ती!”

बपेरा म्हणजे सासुरवाडी. मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं गाव. सुमित्राबाई आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. मधुकररावांना आता शोधायला गाव उरलं नव्हतं, म्हणून तुमसरला गाडी बदलून तेही निघाले. पिशवी सवयीनं खांद्याला होती, पण तिचा उपयोग करायचं मनातही नव्हतं. सासुरवाडीत जावयानं पाण्याचा गडवासुद्धा स्वतः उचलायचा नसतो, तिथे झडती कोण घेणार?

परसरामनं त्यांना ओसरीवर खुर्ची दिली, त्याची बायको गोदावरीबाई हिनं पाय धुवायला पाणी दिलं. घर पाहुण्यांनी फुललेलं. बायका रांधत होत्या, पोरं रहाटपाळण्यासाठी पैसे मागत होती. मधुकररावांची नजर एकदा टीव्हीखाली गेलीच, पण त्यांनी ती लगेच आवरली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “ही कुठं हाये?”

“ताई ना? मांगं हाये, सांदवाडीत,” गोदावरीबाई म्हणाली, आणि उगाचच हसली. “तुमी बसा जी. मी बोलावते तिले.”

पण बसून बसून त्यांच्या गुडघ्याला रग लागली होती. ते उठून घरामागच्या परसात गेले.

तिथे तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, नवा ढीग होता. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर भाताचं मोठं गंज चढलेलं होतं आणि भाताचा करपट वास येत होता. तणसाला पाठ टेकून, पाय लांब सोडून, नाकावर चष्मा घेऊन सुमित्राबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पुस्तक होतं.

मधुकररावांना आधी बायको दिसली नाही. आधी दिसला शिक्का. जांभळा, गोल, जरासा तिरका, त्यांच्याच हातानं मारलेला.

“हे आपलं हाये,” ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी वर पाहिलं नाही, कारण त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी पान उलटलं. मधुकररावांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं तेव्हा त्या दचकल्या. पुस्तक मिटून पदराखाली घेतलं, मग लपवण्यात आता अर्थ नाही हे कळून बाहेर काढलं.

“आपलं कसं?” त्या म्हणाल्या. “तुमचं हाये.”

“तू नेलं? कवा?”

“दिवाळीची कपाटं पुसाले आली होती ना, कडुनिंबाचा पाला ठेवाले. तुमी शिडीवर होते. तवा.”

“मले मांगाचं होतं!”

“मांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. पाच-सहा जण बसून होते पेपर वाचत. त्याईच्यासमोर तुमी म्हणले, चुलीपाशी बसणारीच्या हाती पुस्तक देत नाई.” त्यांनी चष्मा काढला. “मंग नाई मांगितलं कवा.”

मधुकररावांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवेना. आणि याचीच त्यांना मनापासून लाज वाटली, कारण तिला इतकी वर्षं आठवत होतं.

लाज वाटली की माणूस नियमाचा आडोसा घेतो. ते म्हणाले, “सात दिवसांत परत कराचं असते.”

“माहेरी मले वर्षातून दोन दिवस भेटतेत. मंडईचे. घरी नेलं असतं त तुमी पाहिलं असतं. मंग हे इथंच ठेवलं वहिनीच्या पेटीत, अन् मंडईले आली का वाचते थोडं. तेही सैपाक झाला तर.”

“म्हणजे आठ वर्षांपासून हेच एक पुस्तक?”

“मंग! रांधाले कोण असते?”

एव्हाना करपल्याचा वास ओसरीपर्यंत पोहोचला होता, म्हणून परसराम धावत मागे आला. समोरचा देखावा पाहून तो आधी थबकला, मग त्याला हसू आवरेना. “भाऊजी, काखेत कळसा अन् गावाले वळसा!” म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली. त्याच्यामागून गोदावरीबाई आली, पोरं आली. घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ‘आत्याचं पुस्तक’ म्हणून ते पेटीत लग्नाच्या शालूखाली ठेवलेलं असायचं आणि त्याला कुणी हात लावत नसे.

मधुकररावांनी सवयीनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. कव्हर शाबूत, पान कुठे दुमडलेलं नाही, डाग नाही. खुणेला लाल दोरा. सबंध जिल्ह्यातून वसूल करून आणलेल्या पुस्तकांत इतकं नीट ठेवलेलं एकही नव्हतं. रागवायला जागा शोधत होते, ती मिळाली नाही.

“न्या,” सुमित्राबाई म्हणाल्या. “परवा कार्यक्रम हाये तुमचा. चारचौघांत बोलून बसले ना, भरून देतो म्हणून.”

आणि मधुकररावांनी ते घेतलं. खोटं कशाला सांगायचं, दोन्ही हातांनी घेतलं. पिशवीत ठेवलं, पिशवीचे बंद आवळले, आणि जेवणाच्या पंगतीत करपलेला भात दोनदा मागून घेतला. इतके ते खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं परत निघाले. मांडीवर पिशवी. सुमित्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या मागे जात होत्या. सिहोरा गेलं तरी बाई बोलेनात, तेव्हा मधुकररावांना जरा चुकल्यासारखं झालं.

“काय हाये त्याच्यात?” त्यांनी विचारलं.

“कायच्यात?”

“पुस्तकात.”

सुमित्राबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. “इतके वर्षं ज्याच्यासाठी फिरले, त्याच्यात काय हाये हे माहीत नाई तुमाले?”

“जागा माहीत हाये,” मधुकरराव म्हणाले. ते खरंच होतं.

मग बाईंनी सांगितलं. आधी थोडं तुटक, मग रंगून. एक नावाड्याची पोर असते, चंद्री. बाप अंथरुणाला खिळतो, तर पोर नाव हाकते. गावातले पुरुष तिच्या नावेत बसायला तयार नसतात. एके दिवशी एक अडलेली बाई येते, तिला पलीकडच्या दवाखान्यात न्यायची असते, दुसरा नावाडी तयार होत नाही. चंद्री तिला घेऊन निघते. नाव नदीच्या मध्यावर येते आणि वरून पाण्याचा लोंढा.

पुढच्या सीटवरच्या माणसानं कान टवकारले. मधुकररावही पुढे वाकले. “मंग?”

“मंग काय? मंग तुमी आले.”

पुढच्या सीटवरच्या माणसानं तुमसर येईपर्यंत दोनदा वळून पिशवीकडे पाहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मधुकररावांना एक युक्ती सुचली, आणि आपल्याला ती आधी कशी सुचली नाही याचं त्यांना नवल वाटलं. शेवट वाचून बायकोला सांगून टाकायचा. कपाटही भरेल, तिचंही समाधान होईल. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. तिथे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला होता. नाव नव्हती, नदी नव्हती. पण शेवट तो शेवट. ते तसेच स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“अवं, आयक. शेवटी लग्न होते...”

“सांगू नका!”

परात खाली आपटली. सुमित्राबाईंनी पिठाचे हात दोन्ही कानांवर दाबून धरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज मधुकररावांनी ऐकला नव्हता.

“मले शेवट नाई पायजे,” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. “मले तिच्यासंग पल्याड जायाचं हाये. मधात सोडून नाई.”

मधुकररावांनी पुस्तक मिटलं आणि पिशवीत ठेवलं. मग ते आंघोळीला गेले.

वाचनालयासमोर मांडव घातला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. तिसरं कपाट मुद्दाम उचलून बाहेर आणलं होतं, कारण बपेऱ्याची बातमी मधुकररावांच्या आधी करडीत पोहोचली होती. ‘सापडलं म्हणे!’ एवढंच सगळ्यांना कळलं होतं. कुठे सापडलं ते परसरामनं फोनवर शपथ घालूनही सांगितलं नव्हतं, हा त्याचा मोठेपणा. गोपीचंदजींनी भाषणात मधुकररावांच्या निष्ठेचे गोडवे गायले आणि म्हणाले, “शब्द देला होता, तो पाळला. या मधुकरराव, आपल्या हातानं ठेवा.”

टाळ्या पडल्या. मधुकररावांनी पुस्तक काढलं. कीर्तीनं कपाटाचं दार धरलं. या घटकेची त्यांनी आठ वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी पुस्तक फटीला लावलं, आणि ते अलगद आत जायला लागलं. जागा बरोब्बर होती. निम्मं आत गेलं तेव्हा त्यांनी सहज बायकांच्या बाजूला पाहिलं.

सुमित्राबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवऱ्याच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, पण त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या पुस्तकाकडे बघत होत्या. गाडी सुटताना खिडकीत बसलेल्या आपल्या माणसाकडे बघतात, तसं.

मधुकररावांचा हात थांबला. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. दोघातिघांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मधुकररावांनी पुस्तक बाहेर ओढलं. ते मांडवातून सरळ चालत गेले, बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या कडेला चपला काढून दुसऱ्या रांगेपर्यंत. बायकांनी गडबडीनं पदर सावरत वाट दिली.

“घे,” ते म्हणाले.

सुमित्राबाई वर बघत राहिल्या. “अवो, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. घे.”

“किती दिवसांत द्याचं?”

मधुकररावांनी तोंड उघडलं. सात हा शब्द बत्तीस वर्षं त्या तोंडात राहायला होता. “वाचून झालं का दे,” ते म्हणाले.

“अन् कपाट?” व्यासपीठावरून गोपीचंदजींनी विचारलं. त्यांना काय चाललं आहे ते कळेना.

“राहू द्या मोकळं,” मधुकरराव म्हणाले. “पुस्तक वाचणारीपाशी हाये.”

मग कार्यक्रम पुढे सरकला. मधुकररावांना खुर्चीत बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. कीर्ती बोलली, दोन माजी सरपंच बोलले, पेपरवाल्या म्हाताऱ्यांतले एकजण तर बोलता बोलता रडले. सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता. मधुकररावांनी दोनदा मान उंचावून बायकांच्या बाजूला पाहिलं. दुसऱ्या रांगेत एकच बाई खाली बसलेली होती. चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर, आणि तिला यातलं काहीएक ऐकू येत नव्हतं.